घोडेस्वाराचें पागोटें व सायकलस्वाराचें शिरस्त्राण

सर्व अवयवांत ज्याला आपल्या पूर्वजांनीं उत्तमांग हें नांव दिलें, त्या मस्तकाचें रक्षण कशानें करावें व कितपत करावें, ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक काळानें निरनिराळें दिलें आहे. कोणीं कापड गुंडाळलें, कोणीं कातडें शिवलें, कोणीं लोखंड घडविलें. आणि हल्लींच्या काळीं प्लास्टिकच्या कवचाखालीं थर्मोकोलचा थर बसविण्यांत येत आहे. वरवर पाहतां ही केवळ साधनांची सुधारणा वाटते. परंतु थोडें खोल पाहिलें म्हणजे असें दिसून येतें कीं, ह्या सर्व फरकांच्या मुळाशीं एकच विचार आहे. शिरस्त्राण निवडणें म्हणजे आपल्यावर कोणता घाव येणार आहे ह्याचा आगाऊ अंदाज बांधणें होय. हा अंदाज ज्यानें बरोबर बांधला त्याला साधें साधनही तारून गेलें. ज्यानें तो चुकीचा बांधला त्याला भारी किंमतीचें शिरस्त्राणही उपयोगीं पडलें नाहीं.

हा विचार आज मांडण्याचें कारण असें. डोंगरवाटांवरून सायकल चालविण्याचा खेळ आपल्याकडे आतां रुजूं लागला आहे. रुंद टायरांच्या, उंचसखल वाटेचे धक्के झेलणाऱ्या सायकली मध्यम स्थितींतील कुटुंबांतही येऊन पोहोंचल्या आहेत; आणि सुटीच्या दिवशीं पुण्याहून सोलापूर रस्त्यानें यवतपर्यंत येऊन भुलेश्वराचा डोंगर चढणारे सायकलस्वार आतां कोणास नवलाचे वाटत नाहींत. ह्या खेळासाठीं डोकें, कान, गाल व हनुवटी अशीं सर्वच झांकणारें एक शिरस्त्राण मिळतें. दुकानदार त्यास ‘फुलफेस हेल्मेट’ म्हणतात. तें घ्यावें, कीं डोक्याचा वरचा भागच झांकणारें हलकें व स्वस्त हेल्मेट घ्यावें, ह्याविषयीं घरोघर वाद होतो. वडील किंमत पाहतात, मुलगा रंग पाहतो, आणि आईला कोणतेंच हेल्मेट पुरेसें वाटत नाहीं. ह्या वादांत इतिहासाची साक्ष काढावी, आणि तिचा आरंभ शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांपासून करावा, असा आमचा विचार आहे. कारण स्वाराच्या डोक्याचा प्रश्न ह्या मुलुखाला नवा नाहीं.

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा प्रदेश पावसाला पारखा, मुरमाड टेकड्यांचा व मोकळ्या माळांचा आहे. शिरूर गांव घोड नदीच्या कांठीं वसलें असून लोक त्याला घोडनदी ह्याच नांवानें ओळखतात. खालीं रांजणगांव सांडस येथें मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि तेथून पुढें दौंडपर्यंत व त्याच्याही पलीकडे भीमेचें खोरें पसरत जातें. हीच ती भीमथडी. दौंडचा भाग पूर्वीं भीमथडी नांवाच्याच तालुक्यांत मोडत असे. भीमथडीचीं तट्टें मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहेत. उंचीनें बेताचीं, खाण्याला काटक, चालीला चिवट अशीं हीं जनावरें मराठी फौजेच्या जलद हालचालींचा कणा होतीं. भोसले घराण्याकडे ज्या गांवांची पाटीलकी होती त्यांपैकीं हिंगणी बेर्डी हें गांव ह्याच दौंड तालुक्यांतलें. घोडा आणि त्याचा स्वार ह्यांचें आणि ह्या मातीचें नातें असें जुनें आहे.

शिरूरचें नातें पुढच्या काळांतलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजांनीं तेथें लष्करी छावणी ठेविली. त्या छावणीचे अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ सालीं तेथेंच वारले, आणि त्यांच्या थडग्याला आसपासचे लोक सत्पुरुषाचें स्थान म्हणून मान देऊं लागले, ही गोष्ट जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. १८१७ सालच्या पुण्याच्या तहान्वयें जी घोडदळाची फौज उभी राहिली, तिच्यांतून पुढें ‘पूना हॉर्स’ हें प्रसिद्ध रिसाला-पथक निर्माण झालें, आणि शिरूर हें दीर्घकाळ त्याचें ठाणें होतें. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून जी तुकडी घेऊन निघाला व दुसऱ्या दिवशीं भीमेकांठीं कोरेगांवास जिची पेशव्यांच्या फौजेशीं गांठ पडली, त्या तुकडींतही ह्या नव्या घोडदळाचे सुमारे अडीचशे स्वार होते. त्या लढाईचा ऊहापोह हा आमचा आजचा विषय नव्हे. आम्हांस येथें एवढेंच विचारावयाचें आहे कीं, त्या दिवशीं घोड्यावर बसलेल्यांच्या डोक्यावर काय होतें? दोन्ही बाजूंच्या बहुतेक स्वारांपुरतें उत्तर एकच आहे : कापड.

आजच्या वाचकास हें अज्ञानाचें लक्षण वाटण्याचा संभव आहे. परंतु तें तसें नाहीं. कित्येक हात लांबीचें कापड पीळ देऊन घट्ट बांधलें म्हणजे त्याचे अनेक थर होतात, आणि तलवारीचा ओझरता वार अशा थरांत अडकून मंद होतो. शिवाय लोखंडी टोपाची माहिती आपल्या लोकांस नव्हती असेंही नाहीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणीं जुनीं शस्त्रें व चिलखतें पाहावयास मिळतात. त्या काळचा उत्तम प्रतीचा टोप असा असे : वाटीसारखी गोल पोलादी टोपी, तिच्या शेंड्याला भाल्यासारखें टोंक, मागें व दोन्ही बाजूंस मानेवर लोंबणारी बारीक कड्यांची जाळी, आणि पुढें नाकावर खालींवर सरकविता येईल अशी एक पट्टी. ह्या पट्टीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. चेहरा झांकावा कीं मोकळा ठेवावा हा जो आजचा वाद, त्याची ती जुनी तडजोड आहे. वार येण्याच्या वेळीं ती खालीं ओढावी, एरवीं वर करून मोकळेपणीं पाहावें, श्वास घ्यावा, हुकूम ऐकावा.

असा टोप असूनही सामान्य मराठा स्वारानें तो डोक्यावर चढविला नाहीं, ह्याचें एक कारण अर्थातच किंमत हें होतें. परंतु दुसरें कारण त्याच्या युद्धपद्धतींत होतें. त्याचें बळ वजनांत नसून वेगांत होतें. भीमथडीच्या लहान तट्टावर बसून, वैशाखाच्या उन्हांत दिवसाकांठीं लांबचा पल्ला मारणाऱ्या स्वाराला तापलेलें लोखंड डोक्यावर वागविणें म्हणजे शत्रूच्या घावाआधीं उन्हाचा घाव पत्करणें होतें. तेव्हां त्यानें जें केलें तो निष्काळजीपणा नव्हता. तो हिशेब होता. वार चुकविण्याचें साधन त्यानें डोक्यावर न ठेवतां घोड्याच्या पायांत ठेविलें.

जेथें वार चुकविणें शक्य नव्हतें तेथें मात्र हिशेब बदलला. हिंगणी बेर्डीच्या पाटलांच्या ह्याच कुळांतील सर्वांत मोठ्या पुरुषाचें उदाहरण घ्या. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीस गेले, तेव्हां त्यांनीं अंगरख्याच्या आंत जाळीचें चिलखत व पागोट्याच्या आंत पोलादी टोपी घातली होती, असें जदुनाथ सरकारांनीं १९१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या शिवचरित्रांत म्हटलें आहे. खान पडल्यावर त्याच्या पट्टेकऱ्यानें, सय्यद बंडानें, महाराजांच्या मस्तकावर वार केला. त्यानें पागोटें दुभंगलें, आंतल्या पोलादाला खोल पोंचा पडला, पण डोकें वांचलें. बखरींत तपशिलाचा फरक असला, तरी ह्या प्रसंगाचें मर्म स्पष्ट आहे. जागा अरुंद, शत्रु जवळ, हत्यार तलवार, वार वरून येणार. ह्या चार गोष्टी आधीं ओळखून त्याप्रमाणें शिरस्त्राण निवडलें गेलें. बाहेर मऊ कापड आणि आंत कठीण पोलाद, ही त्याची रचना होती. ही रचना वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा पुढें उपयोग होणार आहे.

युरोपांत ह्याच प्रश्नानें दुसरें वळण घेतलें. तेथील थंड हवेंत, जड घोड्यांवर बसून, भाले रोंखून समोरासमोर धडक देण्याची रीत होती; त्यामुळें तेथें चेहरा झांकणें अपरिहार्य झालें. इसवी सन १२०० च्या सुमारास सर्व तोंड बंद करणारे डब्यासारखे टोप तेथें प्रचारांत आले, आणि पुढें उघडझांप करतां येईल असा झांपा त्यांस लावण्यांत आला. चेहरा किती नाजूक ठिकाण आहे ह्याची शिकवण १४०३ सालीं श्रूझबरीच्या लढाईंत इंग्लंडच्या सोळा वर्षांच्या राजपुत्रास मिळाली. त्याच्या चेहऱ्यांत बाण घुसला. तो काढण्यासाठीं शस्त्रवैद्यास मुद्दाम नवें हत्यार घडवावें लागलें. राजपुत्र वांचला व पांचवा हेन्री म्हणून गाजला. उलट, बंद चेहऱ्याच्या टोपावरही सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं हें १५५९ सालीं फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री ह्याच्या मृत्यूनें दाखविलें. खेळांतल्या झुंजींत प्रतिपक्ष्याचा भाला मोडला, त्याच्या चिरफळ्या टोपाच्या पुढील फटींतून आंत गेल्या, आणि दहा दिवसांनीं राजा मरण पावला. पाहण्यासाठीं फट ठेवावीच लागते; आणि जेवढी फट, तेवढा धोका. चेहरा झांकल्यानें सुरक्षितता मिळते, परंतु तिची किंमत दृष्टीच्या व श्वासाच्या नाण्यांत मोजावी लागते. हा व्यवहार पांचशें वर्षांपूर्वीं होता तसाच आजही आहे.

पुढें बंदुकीनें चिलखतें निरुपयोगी केलीं आणि शिरस्त्राणाचा विचार कांहीं काळ मागें पडला. शिरूरच्या छावणीसारख्या ठिकाणीं राहणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीं ह्या काळांत जें डोक्यावर घेतलें, तें वाराविरुद्ध नव्हतें, तर सूर्याविरुद्ध होतें. शोला नांवाच्या पाणवनस्पतीच्या भेंडापासून केलेली ही सोला टोपी. हिंदुस्थानच्या उन्हांतील किरण थेट मेंदूंत शिरून मनुष्यास ठार करतात, अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत होती. ती पुढें फोल ठरली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्करांतून ही टोपीही गेली. सावलीपुरती ती चांगली होती. परंतु जो घाव मुळीं येणारच नव्हता त्याच्याविरुद्ध दोन पिढ्यांनीं एवढा बंदोबस्त केला, हें अंदाज चुकल्याचें उत्तम उदाहरण होय.

ह्याच सोला टोपीचा सायकलीच्या इतिहासांत एक चमत्कारिक प्रवेश झालेला आहे. १८७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत विलायतेंत जी सायकल प्रचारांत होती तिचें पुढलें चाक पुरुषभर उंच व मागलें अगदीं चिमुकलें असे, आणि स्वार पुढच्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसे. पुढें एखादा दगड आला कीं चाक अडे, आणि स्वार हँडलवरून उलटा फेंकला जाऊन डोक्यावर आपटे. ह्या अपघातास भिऊन कित्येकांनीं भेंडाच्या टोप्या घातल्या. त्या पहिल्याच आघाताला फुटून जात. परंतु १८८५ सालीं स्टार्ली ह्यानें दोन सारख्या चाकांची, सांखळीवर चालणारी सायकल बाजारांत आणली. स्वार खालीं आला, दोन चाकांच्या मध्यें बसला, आणि डोक्यावर पडण्याचें भय इतकें कमी झालें कीं शिरस्त्राणाचा विषयच सायकलस्वार विसरून गेले. आमच्या वाडवडिलांनीं ज्या सायकलीवर पुण्यांत शाळा-कचेऱ्या गांठल्या, ती हीच. तिच्यावर टोपी असे ती केवळ रिवाजाची.

डोक्याच्या रक्षणाचा विचार पुन्हां जागा झाला तो युद्धामुळें व मोटारसायकलीमुळें. १९१४ सालीं शिरूरशीं जिचें जुनें नातें, ती पूना हॉर्स फ्रान्सच्या खंदकांत उतरली, तेव्हां जगांतल्या कोणत्याही मोठ्या सैन्याकडे सर्रास वापरण्याचा पोलादी टोप नव्हता. जर्मनांचा तो सुप्रसिद्ध टोंकदार टोपदेखील कातड्याचाच होता. तोफगोळ्यांच्या उडणाऱ्या तुकड्यांनीं डोकीं फुटूं लागलीं, तेव्हां १९१५ सालीं प्रथम फ्रेंचांनीं व मागाहून इंग्रजांनीं पोलादी टोप दिले. इंग्रजी टोप तर उलट्या थाळीसारखा रुंद काठाचा होता, कारण खंदकांतील शिपायावर तुकडे वरून पडत. चेहरा ह्या वेळींही मोकळाच राहिला. घाव वरून येणार हा अंदाज होता, आणि तो बरोबर होता.

मोटारसायकलीचा घाव मात्र निराळ्या जातीचा आहे. येथें शत्रु कोणीच नसतो. आपलीच गति आपल्यावर उलटते. १९३५ च्या मे महिन्यांत अरबस्तानच्या मोहिमेमुळें जगप्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वांचविण्याच्या प्रयत्नांत मोटारसायकलीवरून फेंकले गेले आणि सहा दिवसांनीं मस्तकाच्या दुखापतीनें वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनीं पुढें कसोशीनें अभ्यास केला, आणि १९४१ सालीं हेल्मेटाचा उपयोग दाखविणारा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करानें आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेटाची सक्ति केली. १९५३ सालीं अमेरिकेंत लोंबार्ड व रॉथ ह्यांना एका नव्या रचनेचें पेटंट मिळालें : बाहेर कठीण कवच, आंत आघात शोषून घेणारा चिरडणारा थर. प्रतापगडच्या रचनेची येथें वाचकांस आठवण होईल. तेथें बाहेर मऊ व आंत कठीण होतें. येथें तें नेमकें उलटें झालें. कारण तलवारीची धार थांबवावयाची असते, पण पडणाऱ्या डोक्याला एकदम थांबवावयाचें नसतें. त्याला हळूहळू थांबवावयाचें असतें. कवटीबरोबर आंतला मेंदूही वेगांत असतो, आणि कवटी एकाएकीं थांबली कीं तो तिच्या भिंतींवर आदळतो. थर्मोकोलचा थर चिरडतांना जो क्षणाचा लहानसा अंश अधिक मिळतो, त्यांतच जीव वांचतो.

अखेरची पायरी चेहऱ्याची. १९६८ सालीं डॅन गर्नी हा अमेरिकन शर्यतवीर हनुवटीसकट सर्व डोकें झांकणारें हेल्मेट घालून मोटारशर्यतींत उतरला, आणि तेव्हांपासून हा प्रकार मोटारींत व मोटारसायकलींत रूढ झाला. जर्मनींतील हॅनोव्हर येथें अपघातांत सांपडलेल्या मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटांची पाहणी झाली, तींत सुमारें एकतृतीयांश घाव हनुवटीच्या भागावर आढळले. मनुष्य पडतांना डोक्याच्या शेंड्यावर क्वचितच पडतो. तो बहुधा तोंडावर किंवा कानशिलावर पडतो.

आतां डोंगरी सायकलीकडे येऊं. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील टॅमलपाय पर्वताच्या परिसरांत कांहीं तरुणांनीं जुन्या बोजड सायकलींवरून डोंगरउताराची शर्यत लाविली. त्या उताराला त्यांनीं जें ‘रीपॅक’ नांव दिलें त्याचें कारण मोठें बोलकें आहे : एका उतरणींतच मागल्या ब्रेकमधील वंगण तापून जळून जाई, आणि तें पुन्हां भरावें लागे. ह्या खेळांतून डोंगरी सायकल जन्मास आली. १९९० सालीं कोलोरॅडोंतील दुरँगो येथें तिची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकमध्यें तिच्या एका प्रकाराचा समावेश झाला. खड्या उतारावरच्या शर्यतींत आंतरराष्ट्रीय सायकल संघानें फुलफेस हेल्मेट सक्तीचें केलें आहे.

ह्यांत इतिहासाची एक गंमत आहे. १८८५ च्या सायकलीनें हँडलवरून उलटें फेंकलें जाण्याचें जें भय घालविलें होतें, तें डोंगरी सायकलीनें परत आणलें. सपाट रस्त्यावर स्वाराचें वजन दोन चाकांच्या मध्यें असतें. परंतु तीव्र उतारावर तें आपोआप पुढच्या चाकावर येतें. अशा वेळीं पुढलें चाक एखाद्या धोंड्याला अडलें किंवा घाबरून पुढला ब्रेक दाबला गेला, तर सायकल पुढच्या चाकाभोंवतीं उलटते, आणि स्वार तोंडघशीं जातो. तोंडघशीं पडणें ही आपल्या भाषेंत केवळ म्हण झाली आहे. डोंगरउतारावर तिचा वाच्यार्थ पुन्हां खरा होतो. तेथें साधें हेल्मेट कपाळ वांचवितें, पण दांत, नाक व जबडा उघडे ठेवितें.

तेव्हां निवड कशी करावी? आमच्या मतें पहिला प्रश्न दुकानांत विचारावयाचा नसून घरींच विचारावयाचा आहे : हा मुलगा किंवा ही मुलगी सायकल कोठें चालविणार? शिरूर व दौंड येथें डांबरी रस्त्यानें शाळेला, शेताला वा नदीकांठच्या सपाटीवर फिरावयास जाणाऱ्यास साधें, हवेशीर हेल्मेट योग्य. मे महिन्यांत जेथें पारा चाळीस अंशांच्या आसपास चढतो तेथें सपाट रस्त्यावर संपूर्ण तोंड झांकून पायडल मारणें म्हणजे मराठा स्वारानें जें टाळलें तेंच ओढवून घेणें होय. आणि जें हेल्मेट उकाड्यामुळें हँडलला लटकतें तें कोणाचेंच रक्षण करीत नाहीं. परंतु जो मुरमाड टेकडीवरून, सुटलेल्या खडींतून, वेगानें खालीं येण्याचा खेळ खेळतो, त्यास हनुवटीपुढें कमान असलेलें हेल्मेटच घ्यावें. येथें काटकसर नको.

दुसरा प्रश्न प्रमाणपत्राचा. सायकलीच्या हेल्मेटांसाठीं युरोपचें जें सर्वसाधारण मानक आहे, ई.एन. १०७८, त्यांत हेल्मेट सुमारें दीड मीटरवरून, म्हणजे ताशीं साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगानें, सपाट लोखंडावर आपटून पाहतात. परंतु हनुवटीच्या कमानीची परीक्षा त्यांत नाहीं. ती परीक्षा उतारशर्यतीसाठीं असलेल्या अमेरिकन ए.एस.टी.एम. एफ १९५२ ह्या मानकांत आहे. म्हणून फुलफेस हेल्मेटाच्या आंतल्या चिठ्ठीवर हा दुसरा क्रमांक आहे कीं नाहीं हें पाहावें. नाहीं तर कमान शोभेची आहे कीं संरक्षणाची, हें पडल्यावरच कळावयाचें. कमान काढतां-घालतां येण्याजोगीं हेल्मेटेंही निघालीं आहेत. जुन्या टोपाच्या सरकत्या नासिकापट्टीचेंच तें नवें रूप. चढतांना मोकळें तोंड, उतरतांना बंद. कल्पना उत्तम आहे, पण तिलाही हीच कसोटी लावावी. डोकें नुसतें आपटत नाहीं, तें पडतांना गरकन् वळतेंही, ही गोष्ट ओळखून स्वीडनमधील स्टॉकहोम येथें मेंदूचे शस्त्रवैद्य हान्स फॉन होल्स्ट व अभियंते पीटर हाल्डिन ह्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत हेल्मेटाच्या आंत किंचित् सरकणारा पातळ थर बसविण्याची युक्ति सुचविली. ‘मिप्स’ ह्या नांवानें ती आज पुष्कळ हेल्मेटांत मिळते.

तिसरा प्रश्न मापाचा, आणि व्यवहारांत सर्वांत अधिक हेळसांड ह्याचीच होते. शिंप्याची फीत भिवयांच्या किंचित् वरून डोक्याभोंवतीं फिरवून घेर मोजावा. हेल्मेट चढवून मान हालविली तर हेल्मेट नुसतें न फिरतां कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हालली पाहिजे. गालांच्या गाद्या गालांस घट्ट पण न टोंचतां टेकल्या पाहिजेत. हनुवटीखालच्या पट्ट्यांत एक-दोन बोटांपेक्षां अधिक जागा राहूं नये. मूल वाढतें म्हणून एक माप मोठें घेण्याची आपली सदऱ्याची रीत येथें घातक आहे. मोठें हेल्मेट पडतांना डोळ्यांवर येतें अगर डोक्यावरून निघून जातें. डोळे समोर ठेवून दोन्ही बाजूंस किती दिसतें, हेंही दुकानांतच पाहून घ्यावें.

शिरूर-दौंडच्या बाजारांत मोटारसायकलीचें हेल्मेट सहज मिळतें, आणि तेंच सायकलीवर कां चालूं नये असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचें वजन बहुधा सव्वा ते दीड किलो असतें. डोंगरी सायकलीचें फुलफेस हेल्मेट एक किलोच्या आसपास, आणि हलकीं तर त्याहूनही कमी असतात. स्वतःच्या पायांनीं चढ चढणाऱ्यास तें ओझें व तो कोंदटपणा सोसत नाहीं. उलट, सायकलीचें हेल्मेट घालून मोटारसायकल चालविणें तर धोक्याचें व बेकायदेशीरही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम दुचाकी मोटारस्वारास हेल्मेटाची सक्ति करतें, आणि १ जून २०२१ पासून अशा हेल्मेटांवर भारतीय मानकाचा शिक्का आवश्यक ठरला आहे. सायकलस्वाराला असा कायदा नाहीं. म्हणूनच त्याची निवड सर्वस्वीं कुटुंबाच्या सारासारविचारावर येऊन पडते.

कायदा असला तरी मन वळतेंच असें नाहीं, हें १ जानेवारी २०१९ पासून पुण्यांत हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हां सर्वांनीं पाहिलें. उकाडा होतो, मान दुखते, मागून येणारें वाहन ऐकूं येत नाहीं, असे आक्षेप निघाले. हे आक्षेप सर्वस्वीं खोटे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. लोखंडी टोप नाकारणाऱ्या जुन्या स्वाराचे आक्षेपही असेच होते. फरक एवढाच कीं, त्या स्वारानें टोप सोडला तेव्हां त्याच्या जागीं घोड्याची चपळाई होती. आजच्या स्वारापाशीं हेल्मेट सोडल्यावर त्याच्या जागीं ठेवण्यास कांहींच नाहीं. उलट ज्या वेगानें त्यास वांचवावें तोच वेग त्याचा वैरी आहे. मानाचा प्रश्नही असाच निकालांत निघतो. पागोट्याआड पोलाद घालून जाणाऱ्या पुरुषाच्या शौर्याविषयीं आजवर कोणींही शंका घेतलेली नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. पोलादी टोपाला पोंचा पडला तर लोहार तो ठोकून सरळ करीत असे, आणि तोच टोप बापाकडून मुलाकडे जाई. आजचें हेल्मेट ह्या अर्थानें वारसा नव्हे. त्यांतला थर्मोकोल एकदां चिरडला कीं पुन्हां फुगत नाहीं. वरून कवच चकचकीत दिसलें तरी एका मोठ्या आघातानंतर त्याचें काम संपलेलें असतें. म्हणून थोरल्याचें आपटलेलें हेल्मेट धाकट्याला देऊं नये, आणि कोणाचें तरी जुनें हेल्मेट पूर्वेतिहास ठाऊक नसतांना विकत घेऊं नये. एक घाव झेलून मोडणें हाच त्याचा धर्म आहे. तो त्यानें पाळला असेल तर त्यास निरोप देऊन नवें आणावें. तो खर्च वायां गेला असें मानूं नये.